विमा नसलेल्या पिकाचं नुकसान: कोकणात सरकारी मदत कशी मोजतात आणि कुठे अडते

वादळ होऊन गेलं, वाडीत माड आडवे पडले, किंवा ऐन कापणीत पाऊस आला आणि भात पाण्यात गेलं, की पहिला प्रश्न येतो तो हा: विमा काढला नव्हता, आता काही मिळेल का? मिळतं. नैसर्गिक आपत्तीची सरकारी मदत आणि पीकविमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विम्याला हप्ता लागतो, करार लागतो, कंपनी लागते. सरकारी मदत महसूल खात्याकडून येते, तिला हप्ता नाही आणि विमा नाही म्हणून ती नाकारली जात नाही.

कोकणात तर ही मदत जास्तच महत्त्वाची आहे, कारण इथलं बरंचसं पीक विम्याच्या कक्षेतच येत नाही. भात आणि नाचणीला पंतप्रधान पीक विमा योजना आहे, आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. पण सुपारी, कोकम, फणस, परसातली केळी यांचं काय? नारळासाठी नारळ विकास मंडळाची वेगळी विमा योजना आहे, पण तिची माहितीच फार थोड्या बागायतदारांना असते. आंब्याचा विमाही तापमान, पाऊस, वारा यांच्या आकड्यांवर चालतो. ठरलेल्या काळात ठरलेली पातळी ओलांडली की पैसे. जूनमधल्या वादळात चाळीस वर्षांचं कलम मुळासकट उपटलं, तर त्या विम्याचा काही उपयोग नाही. अशा वेळी उरते ती सरकारी मदत.

या मदतीचा हिशोब हेक्टरवर बसवलेला आहे आणि कोकणातलं नुकसान गुंठ्यांत आणि झाडांत होतं. बहुतेक अडचणी या एका विसंगतीतून येतात.

पैसे कुठून येतात

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली प्रत्येक राज्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. या निधीतून कशाला किती द्यायचं हे केंद्राच्या निकषांत ठरलेलं असतं. चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणं, ढगफुटी, गारपीट, दुष्काळ, भूकंप, त्सुनामी, आग, कीड, थंडीची लाट अशा आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज पडणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग या गोष्टी महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पातळीवर आपत्ती म्हणून जाहीर केल्या. किनारपट्टीसाठी ही दुसरी यादी फार मोलाची आहे. उधाणाचं खारं पाणी बाहेरकाठा (खाडी-समुद्राकडचा बांध) फोडून शेतात शिरलं, तर दाद मागायला आधार याच यादीचा.

ही रक्कम नुकसानीची पूर्ण भरपाई नाही. पुढच्या हंगामाला उभं राहता यावं, बी-खताला हातभार लागावा, एवढाच तिचा हेतू आहे. गेलेल्या उत्पन्नाचा हिशोब तिच्यात होत नाही. हे आधीच माहीत असलं तर खात्यात आलेला आकडा बघून धक्का बसत नाही.

किती मिळतं

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, खात्रीच्या पाण्याखालच्या पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना, म्हणजे फळबागांना, २२,५००. मर्यादा दोन हेक्टर. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असायला हवं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

आता हे गुंठ्यात आणू. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर. म्हणजे पावसाळी भाताला गुंठ्याला ८५ रुपये, वायंगणी (उन्हाळी) भाताला किंवा विहिरीच्या पाण्यावरच्या भाजीला १७० आणि बागेला २२५. दहा गुंठ्यांचं भात गेलं तर ८५० रुपये होतात. अशा छोट्या क्षेत्रांसाठी किमान रकमेची तरतूद आहे: जिरायतीला १,०००, बागायतीला २,००० आणि बहुवार्षिकला २,५००. कोकणात असंख्य शेतकऱ्यांच्या खात्यात प्रत्यक्षात ही किमान रक्कमच जमा होते. मर्यादा दोन हेक्टरवरून तीन केली की बातम्यांत मोठा मथळा येतो, पण इथे जमिनीचे तुकडे एवढे लहान आहेत की त्या वाढीचा फायदा थोड्यांनाच होतो. किमान रक्कम वाढवली तर तो फरक घरोघरी जाणवेल. कोकणातून मागणी करायचीच असेल तर ती या आकड्यासाठी व्हायला हवी.

राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालू शकतं आणि वेळोवेळी घालतं. म्हणूनच दर सारखे बदलताना दिसतात. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने हे दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० झाले, मर्यादा तीन हेक्टर झाली. ३० मे २०२५ च्या निर्णयाने पुन्हा केंद्राचे मूळ दर आणि दोन हेक्टर. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पुरानंतर ऑक्टोबरमध्ये मर्यादा परत तीन हेक्टरवर गेली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १०,००० जादा जाहीर झाले. तेव्हा गेल्या वर्षी शेजाऱ्याला किती मिळाले यावरून आपला अंदाज बांधू नये. आपल्या आपत्तीसाठी मदत व पुनर्वसन विभागाने काढलेला शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात कालावधी, जिल्हा आणि दर लिहिलेले असतात. तोच खरा धरावा.

झाडं मोजली तर काय फरक पडतो

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळींच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. तेव्हा फळबागांचा दर हेक्टरी १८,००० होता, राज्याने तो ५०,००० केला. तरीही वाडीवाल्यांचं समाधान होईना, आणि ते बरोबर होतं. नंतर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर ठरला. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतरही हीच पद्धत वापरली.

फरक किती पडतो ते बघा. समजा दहा गुंठ्यांची वाडी आहे आणि त्यात १५ माड आणि १२० पोफळी पडल्या. झाडांच्या हिशोबाने माडांचे ३,७५० आणि पोफळींचे ६,००० मिळून ९,७५० होतात. हेक्टरी ५०,००० धरले तर ५,०००. आणि केंद्राच्या वर दिलेल्या दराने २,२५०, म्हणजे किमान रकमेच्या नियमाने २,५००. वाडी तीच, झाडंही तीच. सुपारी साधारण पावणेतीन मीटरवर लावतात, हेक्टरी तेराशेहून जास्त झाडं बसतात. एवढ्या दाट लागवडीला हेक्टरी दर पुरतच नाही. शिवाय भात पुढच्या पावसाळ्यात परत होतं, पण नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात.

झाडामागचा दर आपोआप लागू होत नाही, सरकारने त्या आपत्तीपुरता जाहीर करावा लागतो. पण तो नंतर जाहीर झाला आणि पंचनाम्यात झाडांची संख्याच नसली, तर तोवर पडलेली झाडं तोडून जळणाला गेलेली असतात. म्हणून दर कुठलाही असो, पंचनाम्यात जातवार संख्या लिहून घ्यावी: माड इतके, पोफळी इतक्या, आंबे इतके. त्यातले मुळासकट उपटलेले किती, मोडलेले किती, नुसत्या झावळ्या गेलेले किती, हेही.

पंचनामा

सगळा मामला इथे ठरतो. पंचनाम्यात न आलेलं नुकसान पुढच्या कुठल्याही पायरीवर भरून काढता येत नाही.

पंचनामा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) मिळून करतात. मोठ्या वादळात एका तलाठ्याकडे अनेक वाड्या-वस्त्या आणि शेकडो खाती असतात. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाही. अशा वेळी काही जागा रस्त्यावरून बघून उरकल्या जातात, डोंगरावरचं कातळावरचं कलम राहून जातं. त्यामुळे वाट बघत बसू नये. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहावा. त्यात गाव, सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर, आठ-अ खाते क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची तारीख आणि मोबाइल नंबर असावा. एक प्रत देऊन दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. कायद्याने प्रत्येकाला अर्ज करावाच लागतो असं नाही, पण नाव राहिलं तर तक्रार करताना हाच कागद उपयोगी पडतो.

विम्यासाठी कळवण्याची मुदत आणि ही मदत यांची गल्लत करू नका. विमाही असेल तर त्याची सूचना वेगळी द्यावी लागते. तलाठ्याला सांगितलं म्हणजे विमा कंपनीला सांगितलं असं होत नाही.

फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवावं. एक फोटो लांबून, ज्यात घर, विहीर किंवा गडगा (दगडी कुंपण) दिसेल, आणि मग जवळून. घरावर किंवा वाटेवर पडलेलं झाड ताबडतोब हलवावंच लागतं, ते हलवा, पण बुंधा जागेवर ठेवा. बुंधे मोजता येतात.

भाताचं थोडं वेगळं आहे. शेतात उभं असताना आडवं झालेलं किंवा कापून पसरलेलं भात भिजलं, मोड आले, तर क्षेत्र डोळ्यांसमोर असतं आणि मोजता येतं. पण तेच भात बांधून खळ्यावरच्या उडवीत (पेंढ्यांच्या रचलेल्या ढिगात) आणलं आणि तिथे भिजलं, की किती गुंठ्यांचं नुकसान हे कागदावर आणणं अवघड होतं. पाऊस चालू असताना पेंढ्या उचलून आणणं हेच शहाणपणाचं असतं, त्याला पर्याय नाही. फक्त उचलण्याआधी शेतातले फोटो काढून ठेवावेत आणि पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला दाखवून ठेवावं.

३३ टक्क्यांचा अर्थही नीट समजून घ्यावा. सगळ्या गावाचं तेवढं नुकसान व्हावं लागत नाही. तुमच्या शेतात ज्या भागाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं, तो भाग बाधित क्षेत्र म्हणून लिहिला जातो. वीस गुंठ्यांपैकी आठ गुंठे पूर्ण गेले तर आठ गुंठ्यांचा हिशोब होतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो आकडा वाचा. ०.०८ हेक्टर आणि ०.८० हेक्टर यांत एका टिंबाचा फरक असतो आणि ही चूक दोन्ही बाजूंनी होते.

६५ मिलिमीटरचं गणित कोकणाला का बसत नाही

महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मराठवाड्यात हा मोठा पाऊस आहे. कोकणात जुलैत असे दिवस ओळीने येतात आणि भाताला काही होत नाही. इथलं नुकसान होतं ते ऑक्टोबरात, हळवं (लवकर पिकणारं) भात कापून पडलेलं असताना, वीस-तीस मिलिमीटरच्या दोन-तीन सरींनी. तो आकडा ६५ पर्यंत पोचतच नाही.

यावर थोडा उपाय म्हणून २०२३ मध्ये सततचा पाऊस ही आपत्ती राज्याने मान्य केली: १५ जुलै ते १५ ऑक्टोबर या काळात सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर आणि दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा दीडपट पाऊस. तारखेची ही चौकट कोकणासाठी अपुरी आहे, कारण गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताची कापणी त्यानंतरच सुरू होते. त्या काळातलं नुकसान अवेळी पाऊस म्हणून नोंदवून घ्यावं लागतं. अर्जात नुसतं ‘पावसामुळे नुकसान’ लिहू नका. नुकसान कोणत्या तारखांना झालं आणि पीक तेव्हा कोणत्या अवस्थेत होतं, हे लिहा.

आंब्याच्या मोहोराचं दुखणं आणखी वेगळं. थंडी कमी पडली, मोहोर उशिरा आला, थ्रिप्सने खाल्ला, अशा नुकसानीला एक दिवस किंवा एक घटना दाखवता येत नाही, त्यामुळे ते या मदतीत बसवणं फार कठीण जातं. त्यासाठी हवामान आधारित विमाच काढावा. माकडं, रानडुक्कर, दोडामार्गातले हत्ती यांनी केलेली नासधूस वन विभागाकडे जाते. तिथे लगेच कळवावं लागतं आणि पंचनामाही त्यांचा असतो.

सातबारा

कोकणातले सर्वाधिक अर्ज जमिनीच्या कागदांवर अडतात. मदत सातबारावरच्या खातेदाराला मिळते, कसणाऱ्याला नाही. अर्धेलीने किंवा मक्त्याने शेत करणाऱ्याचं नाव सातबारावर नसेल तर त्याच्या हाती काही येत नाही. आंब्याची बाग एका हंगामासाठी करारावर घेणाऱ्याचंही तसंच: फळ त्याचं गेलं, पैसे मालकाला. यावर मार्ग एकच, करार लेखी करावा आणि आपत्तीत आलेली मदत कोणाची हे त्यात लिहून ठेवावं.

दुसरी अडचण सामाईक खात्यांची. एका सातबारावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. वाडी सांभाळणारा एकच. अशा वेळी बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते तलाठ्याकडे चालणाऱ्या नमुन्यात गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी आलेले असताना करून ठेवावं. वादळानंतर वसई-डोंबिवलीहून सह्या गोळा करता करता यादी पुढे निघून जाते. मयत खातेदाराच्या वारसनोंदी तर आजच कराव्यात, कारण मयताच्या आधारवर पैसे जमा होऊ शकत नाहीत.

तिसरी, पिकाची नोंद. मदत लागवडीखालच्या क्षेत्रापुरतीच असते. सातबारावर ‘पड’ किंवा ‘गवत’ लागलेलं असेल आणि जागेवर काजूची बाग उभी असेल, तर वाद होतो. कातळावरच्या कित्येक बागा अजून पोटखराब (लागवडीलायक नसलेल्या) क्षेत्रात आहेत. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) दर हंगामात करावी आणि फळझाडांची नोंद गृहीत धरू नये. मिश्र वाडीत नारळ, सुपारी, मसाल्याची झाडं वेगवेगळी नोंदवावीत. चूक झाली तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येते. वायंगणीसाठी बागायतीचा दर हवा असेल तर विहिरीची किंवा पाण्याच्या साधनाची नोंदही सातबारावर हवी.

जमीनच गेली तर

पिकाशिवाय जमिनीच्या नुकसानीचे वेगळे दर आहेत आणि ते मागायचे बहुतेकांना सुचतच नाहीत. खालचे आकडेही २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे आहेत. सावित्री, वाशिष्ठी, जगबुडी यांच्या पुरात शेतावर गाळ-रेती बसते. हा थर तीन इंचांहून जाड असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीन वाहून गेली तर हेक्टरी ४७,०००. दोन्ही फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, पण कोकणात बहुतेक जण त्यात येतातच. गाळाची खोली फूटपट्टी रोवून फोटोत दाखवावी. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० आणि बैल दगावला तर ३२,०००. त्यासाठी पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यायला हवं.

खारभूमीत शिरलेलं पाणी मात्र या चौकटीत पुरतं मावत नाही. मीठ जमिनीत उतरलं की त्याचा त्रास पुढच्या हंगामांनाही होतो, मदत मिळते एका पिकाची. म्हणून तिथे पंचनाम्याबरोबर बाहेरकाठ्याच्या खांडीची (भगदाडाची) तक्रारही खारभूमी विकास खात्याकडे लेखी द्यावी, नाहीतर पुढच्या उधाणाला तेच पाणी परत येतं.

यादी, केवायसी आणि बँक

पंचनामे तहसीलला जमतात, तिथून जिल्हाधिकारी, मग कोकण भवनात विभागीय आयुक्त, मग मंत्रालय. शासन निर्णय निघून निधी आला की लाभार्थ्यांच्या याद्या संगणकावर भरल्या जातात आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लागते. तो क्रमांक आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर जायचं, पडद्यावर दिसणारं नाव, सर्वे नंबर, क्षेत्र, रक्कम वाचायची, बरोबर असेल तरच अंगठा द्यायचा. हीच केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी. चूक असेल तर तिथेच अमान्य म्हणून तक्रार नोंदवता येते, ती तहसीलदारांकडे जाते. घाईत अंगठा देऊन मोकळं झालं की मग क्षेत्र दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं. ॲग्रीस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीतला ओळख क्रमांक ज्यांनी काढला आहे त्यांचं हे काम बरंच सोपं होतं, तेव्हा तो काढून ठेवावा.

पैसे बँकेचा खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. एकापेक्षा जास्त खाती असतील तर ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं, त्यात. कित्येकदा ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून फेऱ्या मारल्या जातात आणि ते मुंबईत उघडलेल्या एखाद्या जुन्या पगारखात्यात पडून असतात. कोणत्या बँकेला आधार जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रावर पाहता येतं. वयस्कर माणसांचे अंगठे उमटत नाहीत, त्यांनी आधार केंद्रावर बोटांचे ठसे आधीच अद्ययावत करून घ्यावेत.

यादीत नाव नसेल तर आवक शिक्क्याच्या प्रतीसह तहसीलदारांना लेखी विचारावं, उत्तर नाही आलं तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) जावं. पंचनाम्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. आणि बँकेने जमा झालेली मदत थकीत पीककर्जाला वळती करून घेतली, तर गप्प बसू नका. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असं या शासन निर्णयांतच लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज द्या.